जुन्या गाडीत इलेक्ट्रिक फ्युएल पंप कुठे आणि कसा बसवायचा?

पद्मिनी असो, अ‍ॅम्बेसेडर असो की जुनी पेट्रोल जीप, मूळचा पंप थकला की आपल्या खानदेशात बहुतेक गॅरेजांत एकच प्रकार होतो. बाजारातून इलेक्ट्रिक पंप येतो, बोनेट उघडलं जातं, कार्बोरेटरशेजारी (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाजवळ) फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, दोन स्क्रू मारून पंप लागतो आणि ठिणगीच्या कॉइलवरून वायर उचलली जाते. "भाऊ, पुढे लावला की वायर कमी लागते," असं मिस्त्री सांगतो आणि ते खरंही असतं. गाडी हिवाळाभर छान चालते. मग वैशाख येतो, जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला जातो आणि चाळीसगाव सोडून कन्नड घाटात ट्रकमागे पहिल्या गिअरमध्ये चढताना गाडी आचके देत बंद पडते. पंप टकटक करत असतो, कार्बोरेटर कोरडा असतो. मालक पंपाला शिव्या देतो आणि पुढच्या वेळी जास्त ताकदीचा पंप आणतो.

बहुतेक वेळा तो पंप चांगलाच असतो. जागा चुकलेली असते.

कारण समजून घ्या, म्हणजे पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागणार नाहीत. हे छोटे पंप पेट्रोल ढकलायला चांगले, ओढायला कमजोर. पंप पुढे लावला की टाकीपासून पंपापर्यंतच्या दोन-तीन मीटर पाइपातलं पेट्रोल ओढीखाली असतं. ओढीखाली दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की पेट्रोल कमी तापमानाला उकळतं. पेट्रोलमधले हलके घटक तसेही चाळीस अंशांच्या आसपास उकळू लागतात. त्यात वर तापलेली चेसिस, खाली तापलेलं डांबर. पाइपात वाफ झाली की पंप वाफच ओढत बसतो. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. तोच पंप टाकीजवळ लावला तर त्या लांब पाइपातलं पेट्रोल दाबाखाली राहतं आणि सहसा उकळत नाही.

टप्पा १ : पंप खरंच बदलायचा आहे का?

नवा पंप आणण्याआधी चार गोष्टी तपासा. यातली एखादी सापडली तर पैसे वाचतील. न तपासता नवा पंप लावला तर जुनाच आजार नव्या पंपालाही होईल.

पहिली गोष्ट टाकीचं झाकण. त्याचं हवेचं भोक बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि कुठलाच पंप पेट्रोल ओढू शकत नाही. गाडी आचके देऊ लागली की थांबून झाकण उघडा. "फुस्स" करून हवा आत गेली आणि गाडी पुन्हा नीट चालली, तर दोष झाकणाचा.

दुसरी, टाकीतली जाळी आणि फिल्टर. वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या टाकीत गंजाचा बारीक चुरा असतो.

तिसरी, टाकी ते पंप या भागातला रबरी पाइप. याला चीर गेली तर पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते. खाली थेंब दिसत नाही म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. पाइप वाकवून बघा. बारीक भेगा दिसल्या की बदला.

चौथी, यांत्रिक पंप (इंजिनवर चालणारा मूळचा पंप) आणि इंजिन यांच्यामधला उष्णतारोधक तुकडा. बरेच जण पंप उतरवला की तो "जादा पॅकिंग" समजून टाकून देतात. मग इंजिनची उष्णता थेट पंपात जाते. शिवाय त्या तुकड्याच्या जाडीवर पंपाच्या दांड्याची चाल ठरते, त्यामुळे तो काढल्यावर पंपाचं कामही बिघडतं.

हे सगळं ठीक असेल, डायफ्रामचं (पंपातल्या लवचीक पडद्याचं) किट मिळत असेल आणि गाडी रोज चालत असेल, तर यांत्रिक पंपच ठेवा असं माझं स्पष्ट मत आहे. तो साधा आहे आणि इंजिन बंद पडलं की आपोआप थांबतो. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहत असेल, उन्हात व्हेपर लॉक सुटतच नसेल किंवा मूळ पंपाचे भाग मिळत नसतील, तर इलेक्ट्रिक पंपाकडे वळा.

टप्पा २ : पंप निवडताना दाब बघा

दुकानदार लिटर सांगतो, तुम्ही दाब विचारा. जुन्या कार्बोरेटरला साधारण २ ते ३.५ पीएसआय (दाबाचं एकक) दाब पुरतो. एसयू या ब्रिटिश बनावटीचा कार्बोरेटर तर ३ च्या आतच खूश असतो. याहून जास्त दाब आला की फ्लोटची सुई (कार्बोरेटर भरला की पेट्रोल थांबवणारी) उचलली जाते, कार्बोरेटर भरून वाहतो आणि पेट्रोल तापलेल्या मॅनिफोल्डवर (इंजिनचा धूर नेणाऱ्या नळ्यांवर) पडतं.

सावधान : इंजेक्शनच्या (कार्बोरेटर नसलेल्या) गाडीचा पंप भंगारातून स्वस्तात मिळतो म्हणून आणू नका. तो ४० पीएसआयच्या आसपास दाब देतो. रेग्युलेटर लावून भागेल असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका.

प्रवाहाची फार काळजी नको. ११०० ते १५०० सीसीचं जुनं इंजिन पूर्ण ताकदीने चालवलं तरी ताशी १२-१५ लिटरच्या पुढे फारसं जात नाही. सर्वात छोटा कार्बोरेटरचा पंपही त्याहून जास्त देतो.

आणखी एक खात्री बॅटरीची. जुन्या विलीज जीप ६ व्होल्टच्या होत्या आणि साठच्या दशकातल्या कित्येक ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांत चेसिसला बॅटरीचं प्लस जोडलेलं असे. आजचे बहुतेक पंप १२ व्होल्ट आणि मायनस अर्थसाठी (चेसिसला मायनस जोडलेल्या गाडीसाठी) बनतात. उलटे जोडले तर आतलं सर्किट जळतं.

टप्पा ३ : तयारी

काम सकाळी लवकर करा. टाकी जवळजवळ रिकामी असू द्या. काढलेलं पेट्रोल घट्ट झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये, सावलीत आणि कामाच्या जागेपासून लांब ठेवा. बॅटरीची अर्थ वायर सोडवा. अग्निशामक हाताशी ठेवा.

गाडी खड्ड्यावर घेऊ नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साचते आणि वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. मोकळ्या जागेत मागची चाकं उचला आणि भक्कम घोड्यांवर (जॅक-स्टँडवर) गाडी टेकवा. नुसत्या जॅकवर खाली जाऊ नका. उजेडाला एलईडी टॉर्च घ्या, वायरला लोंबणारा साधा बल्ब नको.

सामानात पंप, पंपाआधी लावायचा जाडसर जाळीचा फिल्टर, पुढे लावायचा बारीक फिल्टर, रबरी माउंट, क्लॅम्प, रिले (छोट्या विजेवर चालणारा स्विच), फ्यूज, वायर आणि रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात बसणारी कडी) हवेत. होजवर (रबरी पाइपवर) खर्च करताना हात आखडू नका. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते जुन्या प्रतीच्या रबराला फुगवतं, मऊ करतं. होजवर 'एसएई जे३० आर९' असा छाप बघूनच घ्या. छाप नसलेला, मीटरवर विकला जाणारा काळा पाइप वर्षभरात आतून सुटतो आणि त्याचे कण थेट पंपात जातात.

टाकीत गंज असेल तर ती आधी उतरवून साफ करून घ्या. गंजक्या टाकीवर नवा पंप लावण्यात काही अर्थ नाही.

टप्पा ४ : जागा ठरवणं

घाई करायची नाही ती इथेच. पंप हातात धरून गाडीखाली झोपा आणि या अटींवर जागा पारखा.

उंची : पंप टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा थोडा खाली असावा. मग पेट्रोल स्वतःच्या वजनाने पंपात येतं. काही टाक्यांचा पाइप वरून आत जातो. अशा ठिकाणी पंपाला सुरुवातीला एकदा पेट्रोल वर ओढावं लागतं, त्यानंतर ते सायफनने येत राहतं. तिथेही पंप खालीच हवा.

अंतर : टाकीच्या तोंडापासून फूटभर, फार तर दीड फूट. मधला पाइप जितका छोटा आणि सरळ, तितकं चांगलं.

उष्णता : सायलेन्सर आणि त्याचा पाइप ज्या बाजूने जातो त्याच्या विरुद्ध बाजूला बघा. जागा मिळतच नसेल तर मध्ये पत्र्याची आड लावा. आड आणि पंप यांच्यात हवा खेळायला बोटभर फट ठेवा. पंपाला चिकटलेला पत्रा उलट त्याला भाजून काढतो.

मागचा धुरा : ही अट सर्वात जास्त विसरली जाते. गाडी घोड्यांवर असताना धुरा खाली लोंबतो आणि वर भरपूर जागा दिसते. पंप तिथे लागतो. मग चार माणसं आणि सामान घेऊन गाडी पारोळ्याच्या पुढे खड्ड्यात आदळली की धुऱ्यातला डिफरेन्शियल वर येऊन पंपाला ठोकर देतो. म्हणून धुऱ्याखाली जॅक लावून तो रबरी स्टॉपरला टेकेपर्यंत वर घ्या आणि मगच मोजा. स्प्रिंगच्या पाट्यांची हालचालही त्याच वेळी बघा. जॅक लावलेला असला तरी घोड्या काढू नका.

दगड, स्पीडब्रेकर आणि चिखल : पंप चेसिसच्या खालच्या कडेपेक्षा खाली लोंबता कामा नये. चाकाच्या कमानीत लावलात तर पावसाळ्यात आपली काळी माती त्यावर थर धरते, सुकून दगड होते, आणि पंपाची हवा व जोडणी दोन्ही बंद. चेसिसच्या दांड्याची आतली बाजू उत्तम, तिथे वरून आडोसाही मिळतो.

धडक : मागच्या बंपरलगतच्या आडव्या पट्टीवर पंप नको. मागून कुणी ठोकलं तर पहिला तोच चिरडतो.

टाकी मागे असलेल्या गाड्यांत टाकीच्या पुढे, चेसिस किंवा फ्लोअरच्या दांड्याच्या आतल्या बाजूला या सगळ्या अटी बहुधा जुळतात. विलीज घराण्याच्या जुन्या जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. तिथे त्याच बाजूच्या चेसिसच्या दांड्यावर जागा बघा, पाइप अगदीच छोटा पडतो.

डिक्कीच्या आत पंप नको. सोयीचं वाटतं, आवाज कमी येतो, धूळ लागत नाही, हे सगळं मान्य. पण एक क्लॅम्प सैल झाला तर बंद डिक्कीत पेट्रोलची वाफ साठते आणि तिथेच टेललाइटच्या वायरी असतात. या बाबतीत मला तडजोड मान्य नाही.

तपासणी : ठरवलेल्या जागी पुठ्ठ्याचा पंपाएवढा तुकडा चिकटवा, पाइप आणि फिल्टरची जागाही पकडा. गाडी खाली घेऊन चार माणसं बसवा, एक चक्कर मारा. पुठ्ठा फाटला, घासला किंवा करपल्यासारखा दिसला तर जागा बदला. रस्त्याकडेला जॅक लावून तिथे हात पोचेल का, तेही याच वेळी बघून घ्या.

टप्पा ५ : पंप बसवणं

भोक पाडण्याआधी पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला काय आहे ते बघा. ब्रेकचा पाइप आणि वायरिंगची जुडी बरोबर तिथेच निघते. शक्यतो आधीची भोकं वापरा किंवा छोटी ब्रॅकेट करून घ्या. नवं भोक पाडलं तर कडेला रंग लावा, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो.

पंपावरचा बाण कार्बोरेटरच्या दिशेने हवा. घनाकृती छोटे पंप उभे किंवा निदान ४५ अंशांत तिरपे लावा, बाहेर जाणारं तोंड वर. म्हणजे आत आलेले हवेचे बुडबुडे वर निघून जातात. आडवा लावला तर हवा आतच अडकते. एसयू पंपाची ठेवण वेगळी असते, त्याचं शरीर आडवं आणि बाहेर जाणारं तोंड वरच्या बाजूला ठेवायचं.

माउंट रबराचेच घ्या. थेट चेसिसला कसला तर टकटक पूर्ण गाडीभर घुमते. पण रबर वीज अडवतं, म्हणून पंपाच्या अंगावरून वेगळी अर्थ वायर काढून चेसिसवर स्वच्छ घासलेल्या जागी कसा. "पंप लावला पण चालतच नाही" या तक्रारीत कित्येकदा ही अर्थ वायरच राहिलेली असते.

टप्पा ६ : पाइप आणि फिल्टर, याच क्रमाने

टाकी, जाडसर फिल्टर, पंप, धातूचा लांब पाइप, बारीक फिल्टर, कार्बोरेटर. हा क्रम बदलू नका. बारीक कागदी फिल्टर पंपाच्या आधी लावला तर पंपाला तो ओढून ओढून दम लागतो आणि पुन्हा तेच व्हेपर लॉक. जाळी अजिबातच लावली नाही तर गंजाचा एक कण पंपाच्या व्हॉल्व्हखाली अडकतो.

गाडीखालून जाणारा लांब पाइप धातूचाच असू द्या. रबर फक्त दोन्ही टोकांना, हालचाल सोसण्यापुरतं. पाइपच्या टोकाला फुगीर कड असावी, नुसत्या सरळ नळीवरून होज निसटतो. पत्र्यातून जाताना ग्रोमेट लावा आणि दर फूटभर अंतरावर क्लिप. बोनेटखाली काचेचा किंवा प्लास्टिकचा फिल्टर नको. पेट्रोल दिसतं म्हणून लोक तो लावतात, पण तापून त्याला तडा गेला तर खाली मॅनिफोल्ड असतो. धातूचा घ्या आणि एक्झॉस्टपासून जमेल तितका लांब ठेवा.

सावधान : आट्यांच्या जोडावर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिचे तुकडे सुटून कार्बोरेटरच्या जेटमध्ये जातात. फ्लेअर जोडाला (नळीचं टोक पसरवून केलेल्या जोडाला) कशाचीच गरज नसते.

टप्पा ७ : जुन्या यांत्रिक पंपाचं काय?

गाडी मूळ रूपात दिसावी म्हणून बरेच जण यांत्रिक पंप जागेवर ठेवतात आणि नव्या पंपाचं पेट्रोल त्यातूनच पुढे नेतात. यात मोठा धोका आहे. त्याचा डायफ्राम फाटला की इलेक्ट्रिक पंप पेट्रोल थेट इंजिनच्या तेलात ढकलत राहतो. तेल पातळ होतं, बेअरिंग जातात, आणि संपमध्ये (इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात) भरलेली वाफ पेट घेऊ शकते. डिपस्टिकवरची पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि तेलाला पेट्रोलचा वास आला, तर इंजिन सुरूच करू नका.

जुना पंप काढा, त्याचा दांडा असेल तर तोही काढा आणि त्या जागी गॅस्केट लावून जाड पत्र्याची प्लेट कसा. दिसण्यासाठी पंप ठेवायचाच असेल तर त्यातून पेट्रोल जाऊ देऊ नका, पाइप त्याला वळसा घालून न्या.

टप्पा ८ : वायरिंग

कॉइलवरून वायर उचलायची नाही. पंप आणि ठिणगी दोघांनाही कमी वीज मिळते. बॅटरीपासून वायर काढा, बॅटरीजवळच फ्यूज ठेवा, मग रिलेचं ३० नंबरचं टोक. ८७ वरून पंपाकडे, ८६ ला इग्निशन, ८५ ला अर्थ. पंप एक-दोन अँपिअर घेत असेल तर ५ अँपिअरचा फ्यूज आणि दीड चौरस मिलिमीटरची वायर पुरेशी आहे. मागे जाणारी वायर पेट्रोलच्या पाइपला बांधू नका.

आता सुरक्षा. अपघात झाला, पाइप तुटला, इंजिन बंद पडलं, पण चावी चालूच राहिली तर इलेक्ट्रिक पंप टाकी रिकामी होईपर्यंत पेट्रोल बाहेर ओतत राहतो. म्हणून धक्का बसला की वीज तोडणारा इनर्शिया स्विच पंपाच्या वायरीत असलाच पाहिजे. तो बॉडीच्या घट्ट भागावर, उभा आणि हाताला येईल असा लावा.

ऑइल प्रेशरवर चालणारा स्विचही वापरतात, पण तो दाब आल्यावर जोडणारा हवा. डॅशबोर्डच्या लाल दिव्याचा स्विच उलटा असतो, दाब नसताना तो जोडतो. तोच वापरला तर इंजिन थांबल्यावर पंप चालेल आणि इंजिन चालू असताना बंद राहील.

टप्पा ९ : चाचणी

कार्बोरेटरकडचा होज काढून कॅनमध्ये धरा आणि दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा. मिनिटाला अर्धा लिटर आलं तर पुरेपूर आहे. पेट्रोलमध्ये बुडबुडे येत राहिले तर ओढीच्या बाजूला कुठेतरी हवा शिरते आहे. मग कार्बोरेटरआधी टी (तीन तोंडांचा जोड) लावून गेजवर दाब बघा. जास्त असेल तर रेग्युलेटर लावा.

पंप चालू असताना बॅटरीवर आणि पंपाच्या टोकांवर व्होल्ट मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर वायर बारीक आहे किंवा अर्थ खराब आहे. सगळे जोड कागदी रुमालाने पुसून बघा, ओला डाग लगेच दिसतो.

आता इंजिन बंद ठेवून फक्त चावी चालू करा आणि आवाज ऐका. कार्बोरेटर भरला की पंपाची टकटक मंदावते. ती भरभर चालूच राहिली तर तीन शक्यता आहेत : हवा शिरते आहे, कुठेतरी गळतंय किंवा फ्लोटची सुई पेट्रोल थांबवत नाही. यातलं कुठलं ते सापडल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नका.

रस्त्यावरची चाचणी पहाटे घेऊन समाधान मानू नका. दुपारी धुळे रस्त्याला गाडी चांगली तापवा, दहा-पंधरा मिनिटं बंद करून उभी ठेवा आणि मग सुरू करा. खरी परीक्षा याच वेळी होते, कारण उभ्या गाडीत बोनेटखालची उष्णता अजून वाढते. इथे पास झाली की मग कन्नड घाट किंवा तोरणमाळचा चढ. परत आल्यावर सगळे क्लॅम्प एकदा पुन्हा कसा, नवा होज थोडा दबलेला असतो.

एवढं करूनही भर उन्हात कधी पेट्रोल उकळलंच, तर बोनेट उघडून गाडी सावलीत उभी करा, बोनेटखालच्या धातूच्या पाइपावर ओलं फडकं गुंडाळा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. तापलेल्या कार्बोरेटरचा पाइप लगेच सोडवू नका, आत दाबलेलं पेट्रोल अंगावर उडतं. घरी आल्यावर बोनेटखालचा पाइप कुठे एक्झॉस्टच्या जवळून जातो ते शोधा, कारण पंप मागे नीट लागला असेल तर आता संशयाची जागा तेवढीच उरते.